चाळीस फुटांवर

वेंगुर्ल्यात लाइट असली तर
रात्री साडेनऊला मी हेलिकॉप्टर काढतो.
काजूच्या फॅक्टरीचे हिशेब घरी करता यावेत म्हणून
रसिकाने घेतलेला जुना कॉम्प्युटर.
गुडघ्यांच्या मधला दांडा, तेवढा विकतचा.
डावीकडचा, वर उचलायचा,
बाबल रेडकराच्या भंगार रिक्षाचा हँडब्रेक.
पायांखाली शिलाई मशीनचं पायडल,
फिरवून आडवं बसवलेलं,
डावा दाबला की उजवा वर.
पायडल सुनंदाचं. गुरुवारपर्यंत दिलंय.

तीस वर्षं मी पाडेली होतो.
उन्हं वर यायच्या आत अठरा माड,
कंबरेला आकडी, आकडीत कोयता.
आरोलकरांच्या बागेतला तो वाकडा माड
मी सोडला की त्याने मला,
अजून ठरलेलं नाही.
डाव्या पायात सळी आहे आता.
आणि इथे नेमका डावाच लागतो:
हँडब्रेक वर घेतला की यंत्राचं तोंड उजवीकडे पळतं,
त्याला डाव्या पायाने समजवायचं.

पहिल्या रात्री अकरा वेळा पडलो.
मोजून अकरा. हाड एकही मोडलं नाही.
सुनंदा दारात उभी राहून बघत होती.
"पडूक शिकूक कॉम्प्युटर कित्याक व्हयो?
तां तुमका येताच."

रसिका म्हणते, बाबा, मूठ सोड.
दोन बोटांनी धर.

माडावर असं धरून बघा.
माड छातीने धरायचा असतो,
हात सुटला तर गुडघा,
गुडघा सुटला तर वेतोबा.
इथे जितकं घट्ट धरावं
तितकं यंत्र बिथरतं,
दाव्याला हिसके देणाऱ्या म्हशीसारखं.
मी आवरतो तो मागचा हिसका,
तोवर पुढचा सुरू झालेला असतो.

पडद्यावरचं वेंगुर्लं निराळंच.
बंदराचा धक्का नाही, दीपगृह नाही,
आमच्या घराच्या जागी कुणी तळं ठेवलंय.
माड आहेत, पण सगळे एका मापाचे.
कुणाच्याच अंगावर पाय ठेवायला खाच नाही,
म्हणजे कुणी चढलेलंच नाही.
नारळही दिसत नाहीत.
खात्री करायला जवळ गेलो,
तेव्हा बाराव्यांदा पडलो.

परवा पाय ठणकत होता,
अंगात जोर लावायला जोरच नव्हता.
कोपऱ्यातला आकडा चाळीसवर आला.
चाळीस फूट.
ही उंची माझ्या ओळखीची.
इथून कोणाच्या परसात काय वाळत घातलंय ते दिसतं,
कोणाचं कौल सरकलंय ते दिसतं,
आणि दुपारचा खारा वारा सुटला
की शेंडा दीड हात जातो,
क्षणभर उभा राहतो,
परत येतो.
शेंड्याला कुणी आवरत नाही.
त्याच्याबरोबर जायचं,
तो परतायच्या जरा आधी आपण परतायचं.
कोयता चालवायचा तो
मधल्या त्या क्षणात.

मूठ कधी सैल झाली कळलं नाही.
तळ्यावर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरावर,
मी थांबलो.
पाणी खाली थरथरत होतं,
तोंड समुद्राकडे, जागचं हललं नाही.
रसिका मोजत होती,
आवाज न करता, नुसत्या ओठांनी.
सतरा.
अठराव्याला लाइट गेली.

काळोखात कुणी बोललं नाही.
पंख्याची पाती सावकाश फिरत निवत गेली.
दांड्यावर दोन बोटं तशीच,
डावा पाय अजून थोडा थोडा देत होता.

मेणबत्ती शोधता शोधता सुनंदा म्हणाली,
"गुरवारी सात ब्लाऊज दिवचे आसत.
पायडल फाल्यां सकाळीच काढा."

काढतो, म्हणालो,
आणि बराच वेळ उतरलो नाही.